पहाटे चारचा गजर आणि खेळाडूची झोप

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर मागील रविवारी एका सोळा वर्षांच्या धावपटूविषयी लेख प्रसिद्ध झाला. पहाटे चारला गजर, साडेचारला मैदान, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा सराव आणि रात्री अकरापर्यंत अभ्यास, असा त्याचा दिनक्रम त्यात कौतुकाने दिला आहे आणि या दिनक्रमाला लेखकाने तपश्चर्या म्हटले आहे. मुलाची जिद्द खरी आहे याबद्दल मला शंका नाही आणि त्याच्याविषयी इतक्या आपुलकीने लिहिणाऱ्या आपल्या प्रतिनिधीच्या हेतूबद्दलही नाही. परंतु रात्री अकरा ते पहाटे चार म्हणजे पाच तास झोप झाली. तीस वर्षे मध्यम पल्ल्याच्या धावपटूंना शिकवण्यात घालवलेल्या मला हा हिशेब लागला तेव्हा कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटली, आणि लेख वाचून आणखी किती घरांत चारचे गजर लागले असतील, या विचाराने हे पत्र लिहायला बसलो.

शरीर मैदानावर घडते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात मैदानावर ते झिजते. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, साठवलेले इंधन खर्ची पडते, हाडांवर पुन्हा पुन्हा आघात होतात. या ताणाला उत्तर म्हणून शरीर आधीपेक्षा थोडे अधिक सक्षम होते खरे, पण ते काम नंतर चालते आणि त्यातला मोठा वाटा झोपेत पार पडतो. वाढीच्या संप्रेरकाचा सर्वात मोठा स्राव रात्रीच्या पहिल्या भागातील गाढ झोपेत होतो. दिवसा शिकवलेली हालचाल, मग ती अडथळा ओलांडतानाच्या पावलांची असो किंवा चेंडू फेकतानाच्या मनगटाची, मेंदूत पक्की बसण्यासाठीही झोप लागते. झोप अपुरी पडली की सराव वाया जातो असे मी म्हणणार नाही. त्या सरावाची पूर्ण किंमत मात्र पदरात पडत नाही, आणि दुखापतीचा धोका तेवढा वाढत जातो.

हे मी केवळ अनुभवावरून म्हणत नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी रोज आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली. ती सर्वच मुलांसाठी आहे; दिवसातून दोनदा सराव करणाऱ्या मुलाची गरज त्याहून कमी असण्याचे काही कारण नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११२ शालेय खेळाडूंच्या सवयी आणि दुखापती ताडून पाहिल्या, तेव्हा आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता सुमारे १.७ पट आढळली. उलट बाजूचा पुरावाही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातील ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात घालवायला सांगितले गेले. २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८६ मीटरांच्या धावेची त्यांची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली आणि फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्क्यांनी वाढली. संघ लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सगळीकडे लागू करता येणार नाहीत, हे मान्य. तरीही धावण्याच्या वेळेत सात दशांश सेकंद कमी करण्यासाठी प्रशिक्षक काय काय करतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या आकड्याचे मोल सांगावे लागणार नाही.

यावर मुले आणि पुष्कळदा त्यांचे पालकही ठरलेले उत्तर देतात, की आम्हाला पाच-सहा तास पुरतात, सवय झाली आहे. या उत्तराची परीक्षा २००३ साली झाली आहे. निरोगी प्रौढांना सलग चौदा दिवस रोज फक्त सहा तास झोपू दिले, तेव्हा त्यांची लक्ष देण्याची आणि चटकन प्रतिसाद देण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली. त्यांना मात्र तितकी झोप येत असल्याचे जाणवत नव्हते; आपली घसरण किती झाली आहे याची त्यांना बव्हंशी कल्पनाच नव्हती. म्हणजे ‘सवय झाली’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की थकव्याची जाणीव बोथट झाली आहे.

लवकर उठायचे तर लवकर झोपावे, हा सल्लाही वाटतो तितका सोपा नाही. वयात येताना शरीरातील घड्याळ पुढे सरकते आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे सोळा वर्षांचा मुलगा नऊ वाजता अंथरुणावर पडला तरी त्याला झोप लागेलच असे नाही, आणि तो आळशी म्हणून पहाटे उठायला कुरकुरतो असेही नाही. त्यात संध्याकाळच्या सरावाआधी एनर्जी ड्रिंक किंवा कॉफी घेण्याची सवय जडली असेल तर भरच पडते. कॅफीन शरीरातून निम्मे बाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात. सहा वाजता घेतलेल्या मात्रेचा अर्धा भाग अकरा वाजता रक्तात शिल्लक असतो. कॅफीनने कामगिरी सुधारते हे खरे आहे, आणि २००४ पासून ते जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेच्या बंदी यादीतही नाही. पण संध्याकाळी घेतलेल्या मात्रेची परतफेड रात्रीच्या झोपेतून करावी लागते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय इतरांना सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे ८०० मीटर धावणारी एक मुलगी होती. तिच्या प्रत्येक लॅपची वेळ माझ्या वहीत होती. ती किती झोपते, काय खाते, तिची पाळी नियमित आहे का, यातले काहीही त्या वहीत नव्हते. एकदा सर्वांसमोर मी सहज म्हणून गेलो, की अंग हलके असले की पाय आपोआप पळतात. तिने ते मनावर घेतले आणि जेवण कमी केले. सुरुवातीला तिच्या वेळा सुधारल्या आणि मी खूश झालो. चार महिन्यांनी तिची नडगी दुखू लागली, मी ती स्नायूंची ओढ समजून आणखी दोन आठवडे सराव चालू ठेवला, आणि शेवटी हाडाला बारीक भेग गेल्याचे निदान झाले. तेव्हा डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला तिने खाली मान घालून उत्तर दिले, की शेवटची पाळी येऊन पाच महिने झाले होते. ती पुन्हा धावली, पण पूर्वीसारखी कधीच नाही.

तिला जे झाले त्याला आज नाव आहे. व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये अपुरा आहार, पाळीतील बिघाड आणि हाडांचा ठिसूळपणा हे तिन्ही एकत्र आढळतात, हे गेल्या शतकाच्या अखेरीसच मांडले गेले होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली त्याची व्याप्ती वाढवून ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता’ ही संकल्पना पुढे आणली आणि ती पुरुष खेळाडूंनाही लागू होते, असे स्पष्ट केले. मुलांमध्ये पाळीसारखी दिसणारी खूण नसल्याने ती अधिक काळ लपून राहते, एवढाच फरक. तत्त्व साधे आहे. आपण खातो त्यातून व्यायामाचा खर्च वजा केल्यावर जी ऊर्जा उरते, तीवर हृदय, मेंदू, हाडे, प्रतिकारशक्ती आणि प्रजननसंस्था या सर्वांचा संसार चालतो. ती अपुरी पडली की शरीर खर्च कापू लागते, आणि जे आज जगण्यासाठी तातडीचे नाही ते आधी कापते.

एक हिशेब मांडून दाखवतो. पन्नास किलो वजनाच्या मुलीच्या शरीरात चरबी वगळता चाळीस किलो वस्तुमान आहे असे धरू. व्यायामाचा खर्च भागवून दर किलोमागे सुमारे ४५ किलोकॅलरी उरल्या तर शरीराची गरज व्यवस्थित भागते, आणि ३० च्या खाली गेल्यास संप्रेरकांचा तोल बिघडण्याचा धोका वाढतो, असे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे या मुलीला सरावाव्यतिरिक्त १८०० किलोकॅलरी हव्यात. सरावात ६०० खर्च होत असतील तर दिवसाची गरज २४०० झाली. तिने १८०० किलोकॅलरी घेतल्या तर तिच्या पानाकडे पाहून कोणालाही वाटेल की ती पोटभर जेवते. पण ती नेमकी ३० च्या कडेवर उभी असेल. ही ३० ची रेघ प्रत्येकाला सारखी लागू होते असे नाही, कोणाला त्याच्या वरही त्रास होतो. सराव वाढवला आणि ताटातले तेवढेच राहिले तरी हीच स्थिती येते, त्यासाठी कोणी मुद्दाम उपाशी राहावे लागत नाही. मोसमाच्या तयारीत अंतर वाढवताना आहार वाढवायला सांगणारे प्रशिक्षक मी फार थोडे पाहिले आहेत, आणि पूर्वी मी त्यांच्यात नव्हतो.

काय खावे याविषयी आपल्याकडे इतके छापून येते, की मी दोनच गोष्टी सांगतो. जोरकस व्यायामाचे मुख्य इंधन कर्बोदके आहेत. स्नायू आणि यकृत मिळून त्यांचा साठा साधारण पाचशे-सहाशे ग्रॅम असतो आणि दीड-दोन तासांच्या कष्टाच्या धावेत तो बराचसा संपतो. त्यामुळे सकाळच्या सरावानंतर काही न खाता संध्याकाळच्या सरावाला उभे राहणारा मुलगा रिकाम्या टाकीवर धावत असतो. दुसरी गोष्ट डब्यातल्या पावडरींची. खेळाडूला दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने दिवसभरात पुरतात आणि ती बहुतेकांना साध्या जेवणातून मिळू शकतात. ऑलिंपिक समितीच्या पाठबळाने झालेल्या एका तपासणीत तेरा देशांतून घेतलेल्या ६३४ पूरक उत्पादनांपैकी ९४ मध्ये वेष्टनावर न छापलेली, बंदी असलेली संप्रेरकसदृश द्रव्ये सापडली होती. उत्तेजक द्रव्याच्या नियमानुसार शरीरात काय सापडते याची जबाबदारी खेळाडूची असते. अजाणतेपणे गेले, हे सांगून दोष आपोआप टळत नाही. स्वस्तात मिळालेल्या एका डब्यासाठी कोवळ्या वयात बंदी ओढवून घेणे परवडणारे नाही.

मद्य आणि तंबाखूबद्दल कोणी नव्याने सांगायला नको, असे वाटते. पण जिंकल्यानंतरच्या रात्री ‘आज एक दिवस चालते’ म्हणणारे मी इतके पाहिले आहेत, की एवढे नोंदवतोच. २०१४ सालच्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या आठ तरुणांना कसून व्यायामानंतर भरपूर मद्य दिले गेले. प्रथिनांसोबत मद्य घेतल्यावर स्नायूंमधील प्रथिननिर्मिती केवळ प्रथिने घेतल्याच्या तुलनेत २४ टक्क्यांनी घटली. जो व्यायाम घाम गाळून केला, त्याचा लाभ त्याच संध्याकाळी इतका कमी झाला, आणि मद्याने रात्रीची झोप तुटक होते ती वेगळीच. सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तर रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. दमसास वाढवण्यासाठी महिनोन्‌महिने झटायचे आणि प्राणवायू वाहून नेणारी जागा स्वतःच अडवून टाकायची, याहून मोठे नुकसान मला सुचत नाही.

मनावरच्या ताणाचा उल्लेख आपल्या लेखात नव्हता, म्हणून तो करतो. शरीराला परीक्षेचा ताण आणि डोंगर चढण्याचा ताण वेगळ्या खात्यांत मांडता येत नाही. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा परीक्षांच्या आठवड्यांत दुखापतींचे प्रमाण वाढलेले दिसले. त्याच आठवड्यांत आपल्याकडील मुले अभ्यासासाठी जागतात, जेवणाच्या वेळा चुकवतात आणि सराव मात्र तेवढाच ठेवतात. सरावाचे वेळापत्रक आखताना शाळेचे वेळापत्रक शेजारी ठेवावे, हे मला सुचायला दहा वर्षे लागली.

विश्रांती म्हटले की काही पालकांना मुलगा मागे पडेल अशी धास्ती वाटते. महिनोन्‌महिने पडून राहिले तर तो पडेलच. १९६६ साली डॅलस येथे पाच निरोगी विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तर वयाच्या तीन दशकांनी झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. निष्क्रियता इतकी महाग पडते. पण रात्रीची पुरेशी झोप आणि आठवड्यातला एक मोकळा दिवस म्हणजे निष्क्रियता नव्हे. ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी एक मैल अंतर प्रथमच चार मिनिटांच्या आत, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केले. त्याच्या काही आठवडे आधी एप्रिलमध्ये त्यांची पाव मैलाच्या धावांची वेळ एकसष्ट सेकंदांवर अडकली होती. तेव्हा त्यांनी सराव वाढवला नाही. मित्रासोबत ते काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेले आणि परतल्यावर त्याच धावा एकोणसाठ सेकंदांत झाल्या. ते त्या वेळी वैद्यकाचे विद्यार्थी होते आणि अभ्यासातून सवड काढून मोजकाच सराव करत, ही गोष्टही आजच्या पालकांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

माझा खरा रोख खेळाडूंवर नाही. मुलांना आपण शिस्तीची व्याख्याने देतो, पण त्यांचा दिवस आखतो कोण? पहाटे पाचचे मैदान प्रशिक्षक ठरवतात, रात्री दहाची शिकवणी पालक ठरवतात, स्पर्धेच्या आदल्या रात्रीचा प्रवास संयोजक ठरवतात आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळेत मुलाने झोपावे अशी अपेक्षा असते. त्याच्या जीवनशैलीतील बहुतेक निर्णय त्याने घेतलेलेच नसतात. मी माझ्या शेवटच्या सहा वर्षांत सकाळचा सराव पाचऐवजी साडेसहाला सुरू केला आणि आठवड्यातील दोन सकाळी पूर्ण सुटीच्या ठेवल्या. काही पालकांनी नाराज होऊन मुले दुसरीकडे नेली. जी राहिली त्यांच्या वहीत लॅपच्या वेळांशेजारी झोपेचे तास, उठल्याबरोबर मोजलेली नाडी, अंगदुखी आणि मुलींनी स्वतः ठेवायची पाळीची नोंद, असे रकाने वाढले. सकाळची नाडी सलग काही दिवस नेहमीपेक्षा चढी दिसली आणि सोबत झोप कमी, चिडचिड जास्त असेल, तर त्या दिवशीचा जोराचा सराव मी बंद करून हलके धावायला सांगत असे. नाडी एकटी काही सिद्ध करत नाही, पण ती प्रशिक्षकाला प्रश्न विचारायला लावते. त्या सहा वर्षांत हाडाला भेग गेलेला एकही धावपटू माझ्याकडे झाला नाही. संख्या लहान होती आणि हे काही शास्त्रीय संशोधन नव्हे, त्यामुळे याहून मोठा दावा मी करत नाही.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. यापुढे एखाद्या उगवत्या खेळाडूची ओळख करून देताना तो किती वाजता उठतो याच्यासोबत तो किती वाजता झोपतो हेही विचारावे आणि छापावे. गेल्या वर्षभरात त्याला कोणत्या दुखापती झाल्या, आठवड्यात मोकळा दिवस असतो का, सराव वाढला तेव्हा आहार वाढवायला कोणी सांगितले का, हे प्रश्न त्याच्या प्रशिक्षकांनाही विचारावेत. मागील रविवारच्या लेखातील मुलाला मी ओळखत नाही. परंतु आपल्या प्रतिनिधींचा त्याच्याशी परिचय झाला आहे, तेव्हा त्याच्या शाळेने सकाळचा पहिला तास त्याला माफ करावा आणि त्याच्या प्रशिक्षकांनी मैदान साडेसहाला उघडावे, यासाठी त्यांनी शब्द टाकला तर मी त्यांचा आभारी राहीन. ते जमल्यास त्या मुलाच्या झोपेत रोज दोन तासांची भर पडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त धावणे प्रशिक्षक